पाण्यावरचा पट

"बाई, तुझ्या नवऱ्याचं एवढं नाव कशानं झालं गं?" असं मालनबाईला कुणी विचारलं, की ती पदर सावरून म्हणायची, "पोटावर घासत गेले म्हणून झालं. दुसरं काय!"

आणि त्यात रतीभर खोटं नव्हतं. झरीला शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरल्या होत्या. तिच्या नवऱ्याची, मुंजाजीची बैलजोडी म्हणजे पाखऱ्या आणि हरण्या, उभ्या तालुक्यात तोड नव्हती. ऐन धावपट्टीत छकडीचं चाक निखळलं आणि मुंजाजी खाली आला. दुसरा कुणी असता तर कासरा सोडून बाजूला लोळला असता. पण कासरा मनगटाला गुंडाळलेला आणि वरून गड्याची मूठ! बैल पळतायत, मोडकी छकडी आपटतीय, मागं हा पोटावर फरफटत चाललाय, आणि लोक ओरडतायत, "सोड रं मुंजा, सोड!" कसला सोडतोय? निशाणाच्या पलीकडं जाऊनच जोडी थांबली. कोपराची सालटी गेली, छातीला खडे रुतले, पण त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं कासऱ्या मुंजाजी.

घरची रीतही तशीच. पटावरून जोडी आली की मुंजाजी दारात उभा राही, कासरा तसाच मुठीत. मालनबाईनं तांब्या घेऊन बाहेर यायचं, पाखऱ्याच्या पायावर पाणी घालायचं, हरण्याच्या पायावर घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. पायावर पाणी पडलं की मूठ उघडायची आणि कासरा मालनबाईच्या हातात यायचा. त्याआधी नाही म्हणजे नाही. एकदा ती रानात गेली होती, तर हा बाबा ती येईपर्यंत दारात खांबासारखा उभा. सासू म्हणाली, "अरं मेल्या, मी घालते की पानी." तर म्हणे, "न्हाई, तिनंच घालायचं."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं काय सांगायचं? ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. आधी हरण्या गेला, आठवड्यानं पाखऱ्या. येलदरीच्या धरणाच्या कडेलाच गाव, पण त्या वर्षी धरणानंही तळ दाखवला होता. मुंजाजी रडला नाही, बोललाही नाही. पुढच्या साली पाऊस झाला, धरण भरलं, पेरण्या झाल्या. भावाची जोडी घेऊन यानंही पेरलं. पण संध्याकाळ झाली की धरणाच्या कडेला जाऊन बसायचं, पाण्याकडं बघायचं आणि जेवायच्या वेळेला उठून यायचं. हसणं म्हणून नाही. मालनबाई भाकरी थापता थापता मनात म्हणायची, बैल गेले ते गेले, माझा मानूसबी संगंच गेला.

अशी दोन वर्षं गेली आणि धरणाच्या वसाहतीत बर्वे साहेब आले. तरणाबांड इंजिनीअर, अंगानं सडपातळ, बोलणं गोड. खात्याची एक लहान बोट होती. बोट म्हणजे काय, पत्र्याची होडी आणि तिच्या मागं टांगलेलं इंजिन. दोरी हिसकली की फुरफुरायचं, दोनदा रुसायचं आणि तिसऱ्यांदा पेटायचं. तिच्यातून धरणात किती गाळ बसला ते मोजायचं. चालवायला सिताराम भोई. पिढ्यान् पिढ्या पूर्णा नदीवर नाव वल्हवलेल्या घरातला गडी. इंजिनाला हात लावायच्या आधीही पाणी कपाळाला लावायचा.

एका रविवारी काय झालं, साहेबांनी दोन लांब गुळगुळीत फळ्या आणल्या. टोकं वर वळलेली, मधे रबराचे जोडे. पायात घातल्या, पाण्यात बसले, बोटीला बांधलेल्या दोराची दांडी हातात धरली आणि सितारामला म्हणाले, "चल!" इंजिन भणाणलं, दोर ताठ झाला आणि साहेब पाण्यातून वर आले ते सरळ उभेच! मागं पाण्याचे दोन पांढरे पंखे उडतायत आणि माणूस आपला पाण्यावरून सर्रर्र चाललाय!

धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातातलं धुणं हातात राहिलं. "आता गं बया!" नर्मदाबाई ओरडली, "मानूस पान्यावर चालायलाय की!" ही मालनबाईची शेजारीण, हिचा आवाज असा, की अर्धं गाव तिच्या हाकेवरच गोळा झालं.

त्या रविवारपासून धरणावर जत्राच लागली. फळ्यांवर उभं राहायची कुणाची छाती होईना, म्हणून साहेबांनी ट्रकची मोठी ट्यूब आणली. तिच्यावर बसायचं, धरायचं आणि सितारामनं ओढायचं. बोटीनं वळण घेतलं की ट्यूब बाहेरच्या अंगाला अशी भिरकावली जायची की बसणारा किंचाळायचा, पाण्यात आपटायचा आणि वर येऊन म्हणायचा, "आनखी एकदा!"

मुंजाजी कडेला बसून बघत होता. त्याची नजर ट्यूबवर नव्हती, दोरावर होती. ताणलेला दोर, पुढं जोर, मागं माणूस. तो उठला, धोतर खोचलं आणि म्हणाला, "सिताराम, मला बसू दे."

मालनबाई दगडावर लुगडं आपटत होती. तिनं मान वर केली तेव्हा नवरा ट्यूबवर बसून पाण्यावरून उडत होता. आणि तिच्या कानावर हसणं आलं. आधी ओळखूच आलं नाही कुणाचं ते. मग ओळखलं आणि तिच्या हातातलं लुगडं सुटलं. दोन वर्षांनी हसत होता! तोंड उघडून, पोरासारखा, "हाण्ण! हाण्ण!" असं ओरडत, जसा छकडीवर ओरडायचा तसा. मालनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लुगडं वाहत चाललं होतं, ते नर्मदाबाईनं पकडलं.

"अवो वैनी, तुमी बी या की!" सितारामनं बोट कडेला आणत हाक दिली.

"मी? माझं डोस्कं फिरलं का काय!" मालनबाई म्हणाली. आणि म्हणता म्हणता कासोटा घट्ट करून ट्यूबवर बसलीसुद्धा. इंजिन भणाणलं तशी तिनं पोखर्णीच्या नरसिंहाचा धावा केला, सासूच्या नावानं बोंब मारली, सितारामच्या सात पिढ्या काढल्या, आणि ट्यूब कडेला लागली तेव्हा म्हणाली, "एवढ्यात संपलं व्हय रं?"

मग मुंजाजी फळ्यांवर चढला. पहिल्यांदा नाकातोंडात पाणी. दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत उठून आपटला. तिसऱ्यांदा उभा! साहेब काठावर नाचायलाच लागले. "गुडघे वाकवा, हात सरळ, दोर ओढू नका, हे शिकायला मला महिना लागला होता," ते म्हणाले. पण पळत्या छकडीवर उभा राहिलेला माणूस तो, त्याला काय शिकवायचं? त्याला जोर पायातून कळत होता.

उभं राहणं जमलं. पडणं मात्र जमेना.

पाण्यावर पडलं की दोर सोडायचा, एवढा एकच नियम. साहेबांनी दहा वेळा सांगितला. मुंजाजीनं दहा वेळा मान हलवली. आणि एका वळणावर फळी लाटेत अडकून तो उलटा झाला, तेव्हा मूठ उघडायची सोडून जी मिटली ती मिटली. सितारामनं मागं वळून पाहिलं, तर माणूस दिसेना, नुसता ताणलेला दोर पाण्यात घुसलेला. त्यानं इंजिन बंद केलं. मुंजाजी वर आला तो निळा पडून, खोकत, आणि दोराची दांडी तशीच मुठीत.

"अहो, सोडायचा ना!" साहेब पांढरेफटक पडले होते.

"सोडनारच व्हतो सायब," मुंजाजी म्हणाला, "पर हात ऐकंना."

पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी साहेबांनी हात जोडले. "मुंजाजी, ट्यूबवर हवं तितकं बसा. फळ्यांवर आता नाही. तुमचा जीव जायचा."

आता खरी गंमत इथं झाली. सव्वीस जानेवारीला वसाहतीत कार्यक्रम ठरला. परभणीहून मोठे साहेब येणार, गावोगावची माणसं येणार, बर्वे साहेब फळ्यांवर उभे राहून हातात झेंडा घेऊन धरणाला फेरी मारणार. दवंडी झाली, आणि चार दिवस आधी व्हॉलीबॉल खेळताना साहेबांचा पाय मुरगळला! घोटा असा सुजला, जसा भोपळाच.

मुंजाजी थेट साहेबांच्या खोलीवर गेला. "सायब, मी जातो."

"नाही."

"सायब, एवढ्या लोकांम्होरं पट पळायचा माझा दिवस पुन्ना यायचा न्हाई. बैल न्हाईत माझ्याकडं. ही बोटच हाय."

साहेबांनी कागदावर रेघा मारून समजावलं. बोट काठाशी तिरकी येणार आणि मंडपासमोर एकदम आत, खोल पाण्याकडं वळणार. त्या वळणावर फळीवरचा माणूस बाहेरच्या अंगाला फेकला जातो, ट्यूब जाते तसा. तिथं वेळेवर दोर सोडला, तर अलगद घसरत मोठ्या साहेबांच्या पुढ्यात येऊन उभा राहील. नाही सोडला, तर थेट दगडी बांधावर. बोटीतून दोर सोडावा, तर ताणलेली गाठ सुटत नाही. बोटीत दुसरा माणूस बसवावा, तर इंजिन लहान, फळीवाला पाण्यातून उठत नाही. "म्हणजे सगळं तुमच्या मुठीवर," साहेब म्हणाले, "आणि ती तर तुमचं ऐकत नाही."

मुंजाजी घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मालनबाईनं ताट वाढलं, तो उठला नाही. पुन्हा तीच दोन वर्षं तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. ती म्हणाली, "उठा. आंगनात चला."

गोठ्यातल्या खुंटीवर पाखऱ्याचा कासरा अजून होता. तिनं तो काढला, एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं, दुसरं आपल्या कमरेला गुंडाळलं आणि लागली ओढायला. "सोड म्हनले की सोडायचा. सोडा!" नाही. "सोडा म्हनते न्हवं!" नाही. ती अंगणभर त्याला ओढतीय, तो फरफटतोय, कुडावरून नर्मदाबाई आणि तिची सून बघतायत आणि हसून हसून खाली बसतायत. "मालने, नवऱ्याला बाजारला न्यायलीस काय गं?"

बेजार होऊन मालनबाई थांबली. घसा कोरडा पडला होता. रांजणावरचा तांब्या घेतला, घोटभर प्यायली आणि राहिलेलं पाणी रागानं जमिनीवर ओतून दिलं.

मुंजाजीच्या हातातून कासरा खाली पडला.

त्याला कळलंसुद्धा नाही. तो घाम पुसत होता. मालनबाईनं मात्र पाहिलं, आणि तिच्या काळजात लख्ख झालं. अगं बाई! ही मूठ यांचं ऐकत न्हाई, ती माझ्या पान्याचं ऐकते!

नवऱ्याला ती काही बोलली नाही. सांगितलं असतं, तर त्यानं त्याचाच विचार केला असता आणि सगळा खेळ बिघडला असता. ती सरळ साहेबांकडं गेली. "सायब, त्येंला जाऊ द्या. दोर सुटंल. जिम्मा माझा."

"तुमचा? कसा काय?"

"ते मला इचारू नका. मला फक्त त्या वळनापाशी, पान्याच्या कडंला उभं ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण "बरं" म्हणाले.

सव्वीस जानेवारी उजाडली. काय ती गर्दी! बैलगाड्या, सायकली, देवगाव फाट्याकडून आलेली एक ट्रकभर माणसं. बांधावर मुंगीला जागा नाही. मंडपात मोठे साहेब, त्यांच्या बाजूला पाय पाटावर ठेवून बर्वे साहेब. पलीकडच्या तीराला सितारामची बोट, आणि पाण्यात फळ्या घालून बसलेला मुंजाजी, डोक्याला गुलाबी फेटा, पाठीला बांधलेला झेंडा. हात दोराला मोकळे पाहिजेत ना!

मालनबाई तांब्या भरून निघाली आणि मंडपाच्या दोरखंडापाशीच अडली. पांढऱ्या कपड्यातला एक शिपाई आडवा आला. "कुठं निघाल्या?"

"पान्याच्या कडंला. सायबानी सांगितलंय."

"पानी आनलंय का? बरं झालं, मोठ्या साहेबांना ठसका लागलाय." आणि तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं तांब्या हातातून घेतला. मोठे साहेब गटागटा पाणी प्यायले, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि वर म्हणाले, "गोड आहे हो पाणी तुमच्या गावचं."

तेवढ्यात पलीकडं इंजिन भणाणलं.

"उठला! उठला! मुंजा उठला!" सगळा बांध उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. गुलाबी फेटा पाण्यावरून सुसाट येत होता, पाठीवर झेंडा फडफडत होता, आणि त्या सगळ्या कल्ल्यातून त्याचा आवाज येत होता, "हाण्ण! हाण्ण रं सिताराम!" कुणीतरी ओरडलं, "झरीचा पट आठवा रं!" म्हातारेकोतारेसुद्धा पागोटी उडवायला लागले. मालनबाईच्या अंगावर काटा आला. छाती अशी भरून आली की क्षणभर ती तांब्याच विसरली.

मग भान आलं. बोट अर्ध्यावर आली होती.

तिनं शिपायाच्या हातातला रिकामा तांब्या हिसकला, दोरखंडाखालून वाकून पलीकडं निघाली. "ओ बाई! बाई!" शिपाई धावला. बर्वे साहेब खुर्चीतूनच ओरडले, "जाऊ दे त्यांना!" मालनबाई दगडी बांधावरून खाली धावत सुटली. दगड शेवाळलेले, पाय सटकतोय, गुडघा फुटला, लुगडं फाटलं, तिला कशाचीच फिकीर नव्हती. बोट तिरकी काठाकडं येत होती. सिताराम वळणाची जागा बघत होता. मुंजाजी हसत होता, आणि त्याची मूठ दांडीवर आवळलेली तिला इथूनही दिसत होती.

बोट वळली. दोर असा ताणला की गुणगुणला. मुंजाजी बाहेरच्या अंगाला भिरकावला गेला, दगडांच्या दिशेनं. "सोडा!" बर्वे साहेब ओरडले. "सोड मुंजाभाऊ!" सिताराम ओरडला. सगळा बांध ओरडला, झरीला ओरडला होता तसाच, "सोड रं मुंजा, सोड!"

हात ऐकंना.

मालनबाई पाण्यापाशी पोचली. तांब्या धरणात बुडवला, वर काढला, सरळ उभी राहिली, जशी दारात उभी राहायची तशी. घाई केली नाही. तांब्या कलता केला आणि दगडावर पाणी घातलं. एकदा पाखऱ्याच्या जागी. एकदा हरण्याच्या जागी.

मुंजाजीनं ते पाहिलं आणि मूठ उघडली.

दोर सापासारखा उसळून बोटीमागं गेला. फळ्या तशाच घसरत आल्या, हळू झाल्या, आणखी हळू झाल्या, आणि दगडांपासून दोन हातांवर मुंजाजी छातीपर्यंत पाण्यात अलगद उतरला, बरोबर बायकोच्या समोर. मग जी आरोळी उठली म्हणता! मोठे साहेब टाळ्या वाजवत उभे राहिले. नर्मदाबाई रडत होती आणि ओरडतही होती. सितारामनं बोटीतच लोटांगण घातलं, तशी बोट एका अंगाला कलली.

मुंजाजीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो मालनबाईच्या हातातल्या तांब्याकडं बघत होता.

"पानी कामून घातलंस गं?"

"पट मारून आलात न्हवं?" मालनबाई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मग कोन घालनार?"

मुंजाजीचा चेहरा हलला. हरण्या गेला तेव्हा हलला नव्हता, पाखऱ्या गेला तेव्हा हलला नव्हता. आत्ता, हजार माणसांदेखत, फेट्यातून पाणी निथळत असताना तो हुंदके देऊन रडला. मग रीत आठवून त्यानं कासरा द्यायला उजवा हात पुढं केला. हातात काहीच नव्हतं. त्यानं तो मागं घेतला नाही.

मालनबाईनं तांब्या दगडावर ठेवला, पदर खोचला आणि सगळ्या गावादेखत तो रिकामा हात धरला. "या वर," ती म्हणाली, "पान्यात गारठून मराल."